शाळा सोडण्याचे कारण : अमरावती विद्यापीठाच्या कुलगुरूंना खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू,
संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ, अमरावती

विषय : मुस्लिम समाजातील शिक्षणाचा अभ्यास तालुक्याच्या पातळीवर, शाळांच्या दप्तरातून व्हावा, याबाबत.

महोदय,

मुस्लिम समाजांतील शिक्षणावर जगभर जे संशोधन झाले आहे, त्याचे तीन ठळक प्रवाह आहेत. पहिला इतिहासाचा. त्यात मदरसे, त्यांना पोसणारे वक्फ, तिथला अभ्यासक्रम आणि त्यातून घडलेला विद्वानवर्ग यांचा शोध घेतला जातो. दुसरा आकड्यांचा. जनगणना, नमुना पाहण्या आणि शासकीय समित्यांचे अहवाल हे त्याचे साहित्य. तिसरा प्रवाह एखाद्या गावात किंवा मोहल्ल्यात दीर्घकाळ राहून घरे, शाळा आणि मशिदीतले वर्ग पाहणाऱ्यांचा. या तिन्हींमुळे बरेच गैरसमज दूर झाले. तरी एक साधा प्रश्न उरतोच : दहावीच्या वर्गात बसलेली मुले पुढे कुठे जातात? बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजासारख्या तालुक्याच्या गावात या प्रश्नाचे उत्तर शोधता येण्याजोगे आहे आणि त्याचे साहित्य शाळांच्या कपाटांत पडून आहे.

इतिहासाच्या प्रवाहातील महत्त्वाचे नाव जॉर्ज मकदिसी यांचे. त्यांचा ग्रंथ 1981 मध्ये प्रसिद्ध झाला. मध्ययुगीन मदरसा हे मुख्यतः धर्मशास्त्रीय कायद्याचे महाविद्यालय होते आणि वक्फाच्या उत्पन्नावर ते चालत असे, हे त्यांनी दाखवले. बगदादची अकराव्या शतकातील निजामिया हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. भारतापुरते पाहिले तर बार्बरा मेटकाफ यांचा देवबंदवरील 1982 चा अभ्यास अधिक बोलका आहे. देवबंदची संस्था 1866 मध्ये सुरू झाली. ठरलेला अभ्यासक्रम, पगारी शिक्षक, वार्षिक परीक्षा आणि जमीनदाराच्या इनामाऐवजी सामान्य लोकांची वर्गणी, अशी तिची घडी होती. ही घडी पुष्कळशी त्या काळच्या इंग्रजी शाळांसारखीच. म्हणजे आज ज्याला ‘जुन्या वळणाचा मदरसा’ म्हणतात, तो आपल्या गावोगावच्या हायस्कुलांचा समकालीनच ठरतो. तिथे शिकवला जाणारा दर्स-ए-निजामी हा अभ्यासक्रमही अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महालातील मुल्ला निजामुद्दीन यांच्या नावे रूढ झाला. परंपरा बदलत नाही, हा समज इतिहासकारांनी असा मोडीत काढला.

आकड्यांच्या प्रवाहात यशापेक्षा चुकाच अधिक शिकवून जातात. पाकिस्तानात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी एक तृतीयांश मदरशांत शिकतात, असे एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2002 च्या अहवालाने जाहीर केले आणि तो आकडा जगभर फिरला. ताहिर अंद्राबी, जिष्णू दास, आसिम ख्वाजा आणि ट्रिस्टन झायोंक या अर्थतज्ज्ञांनी जनगणना व घरोघरच्या पाहण्या तपासल्या, तेव्हा हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी निघाले. मूळ अहवालात एकूण विद्यार्थ्यांची संख्याच चुकीची धरली गेली होती. भारतातही न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने 2006 च्या अहवालात हाच भ्रम दूर केला. शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम 3 टक्के मुले पूर्णवेळ मदरशांत जातात, असे समितीने नोंदवले. मकतब वेगळे. सकाळी किंवा असरच्या नमाजानंतर तासभर कुराण वाचायला मशिदीत जाणारे मूल दिवसा जिल्हा परिषदेच्या शाळेतच असते. मकतब आणि मदरसा यांची एकत्र मोजणी केली की 3 चे 30 व्हायला वेळ लागत नाही.

भारतात या विषयाची सरकारी मोजदाद एकोणिसाव्या शतकातच सुरू झाली. विल्यम हंटर यांनी 1871 मध्ये भारतीय मुसलमानांवर पुस्तक लिहिले. त्यातील निरीक्षणे प्रामुख्याने बंगालची, पण ती साऱ्या देशाला लावली गेली. ज्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये आपले निवेदन ठेवले, त्याच आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणाचा स्वतंत्र विचार केला आणि प्रांताप्रांतांत चित्र फार वेगळे असल्याचे त्याला आढळले. वायव्य प्रांत व अवध इथले मुसलमान शाळांत मागे नव्हते, बंगालचे होते. इतका जुना हा धडा आहे : ‘भारतीय मुसलमानांचे शिक्षण’ अशी एकसंध वस्तू नाही. प्रांत, भाषा, धंदा, जात आणि शहर-खेडे यांनुसार ती बदलते.

सच्चर समितीने 2001 च्या जनगणनेच्या आधारे देशातील मुसलमानांची साक्षरता 59.1 टक्के दाखवली. देशाची सरासरी तेव्हा 64.8 टक्के होती. सहा ते चौदा वयोगटातील सुमारे एक चतुर्थांश मुस्लिम मुले शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा मधेच गळली होती. महाराष्ट्राचे चित्र मात्र उलटे दिसते. त्याच जनगणनेत राज्यातील मुसलमानांची साक्षरता 78.1 टक्के होती आणि राज्याची सरासरी 76.9. यावरून महाराष्ट्रात प्रश्नच नाही, असा निष्कर्ष काढणारे भेटतात. पण राज्यातील सुमारे 70 टक्के मुसलमान शहरांत राहतात आणि राज्यातील एकूण लोकसंख्येत शहरी लोक तेव्हा निम्म्याहून कमी होते. शहराची तुलना शहराशीच करायला हवी. राज्याच्या शहरी भागाची साक्षरता तेव्हा 85.5 टक्के होती. तिच्याशेजारी बहुतांश शहरी असलेल्या मुसलमानांचा 78.1 हा आकडा ठेवला की पुढारलेपणाचा भास ओसरतो.

आकडे वाचताना आणखी एक खाच असते. 2011 च्या जनगणनेनंतर देशातील 42.7 टक्के मुसलमान निरक्षर असल्याच्या बातम्या आल्या. त्याच जनगणनेतून मुसलमानांची साक्षरता 68.5 टक्के निघते. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिल्यात शाळेत जाण्याचे वय न झालेली तान्ही बाळेही धरली आहेत, दुसऱ्यात सात वर्षांवरील माणसेच. ज्या समाजात लहान मुलांचे प्रमाण अधिक, तिथे या दोन आकड्यांतील अंतरही अधिक. विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे समजावता येते, पण सार्वजनिक चर्चेत ते क्वचितच समजावले जाते.

साक्षरतेच्या पुढच्या पायऱ्यांवर मात्र चित्राबद्दल वाद नाही. देशातील नामांकित महाविद्यालयांत पदवीला 25 मध्ये एक आणि पदव्युत्तर वर्गात 50 मध्ये एक विद्यार्थी मुस्लिम, असे सच्चर समितीने नोंदवले. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीनुसार 2019-20 मध्ये देशात 21 लाख मुस्लिम विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. 2020-21 या कोरोनाच्या वर्षी ते 19.21 लाखांवर आले आणि एकूण विद्यार्थ्यांतील त्यांचा वाटा 5.5 टक्क्यांवरून 4.6 टक्क्यांवर घसरला. लोकसंख्येतील वाटा 14.2 टक्के आहे. सॅम आशर, पॉल नोव्होसाद आणि चार्ली राफकिन यांनी बाप आणि मुलगा यांच्या शिक्षणाची तुलना करून दाखवले की, गेल्या काही दशकांत अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांची वर चढण्याची शक्यता वाढली, तर मुस्लिम मुलांची घटली. अक्षरओळख होते, पण शिडी मधेच तुटते, असा या साऱ्याचा मथितार्थ.

महाराष्ट्र शासनाने 2008 मध्ये महमूद-उर-रहमान यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. त्याचा अहवाल 2013 मध्ये आला. 2014 मध्ये शासनाने अध्यादेश काढून मुसलमानांतील मागास गटांना शिक्षण व नोकऱ्यांत 5 टक्के आरक्षण दिले. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोकऱ्यांतील आरक्षणाला स्थगिती दिली, शैक्षणिक प्रवेशांपुरते ते राहू दिले. पुढे अध्यादेशाचे कायद्यात रूपांतर झाले नाही आणि तो विषय तिथेच थांबला. आरक्षण असावे की नसावे, हा राजकीय निर्णयाचा भाग आहे. गळती नेमकी कुठे होते, हे शोधणे मात्र विद्यापीठाचे काम आहे आणि कोणताही निर्णय झाला तरी ते करावेच लागणार आहे.

या चौकटीत बुलढाणा जिल्ह्याचे स्थान विशेष आहे. केंद्र सरकारने देशातील 90 जिल्हे अल्पसंख्याकबहुल म्हणून निवडले, तेव्हा महाराष्ट्रातून परभणी, हिंगोली, वाशीम आणि बुलढाणा हे चारच जिल्हे त्यात आले. चारपैकी दोन, वाशीम आणि बुलढाणा, अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आहेत. या जिल्ह्यांसाठी बहुक्षेत्रीय विकास कार्यक्रम आखला गेला आणि भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या समन्वयाने पायाभूत पाहण्या झाल्या. त्या पाहण्यांची मर्यादा उघड आहे. जिल्हा हे एकक फार मोठे. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेला जळगाव जामोद, रेल्वे आणि कापसाच्या बाजारावर वाढलेले खामगाव-मलकापूर आणि जालन्याला खेटलेला देऊळगाव राजा, या तिन्हींची सरासरी काढली तर ती तिन्हींपैकी कुणाचीच नसते. सातपुड्याकडचे तडवी भिल्ल धर्माने मुसलमान आणि प्रवर्गाने अनुसूचित जमाती आहेत. त्यांच्या मुलांचा शिक्षणाचा मार्ग देऊळगाव राजातील बागवान, मन्यार किंवा पिंजारी मुलांहून वेगळा असणार, हे सांगायला पाहणीची गरज नाही. तो किती वेगळा आहे, हे सांगायला मात्र आहे.

देऊळगाव राजा हे बालाजीच्या यात्रेसाठी ओळखले जाणारे गाव. शेजारी जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेड राजा. पण शिक्षणाच्या इतिहासाच्या दृष्टीने या गावाची खरी ओळख सीमेवरचे गाव ही आहे. 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. जालना निजामाकडेच राहिले. वऱ्हाडात मराठी शाळा रुजल्या आणि मुसलमान मुलांसाठी उर्दू वर्ग निघाले. पलीकडे हैदराबाद संस्थानात उर्दू हीच राज्यकारभाराची आणि शिक्षणाची भाषा होती. 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतून मिळे. 1948 नंतर ते माध्यम मोडले. एका बाजूला मराठीच्या आधाराने चालणारी उर्दू शाळा, दुसऱ्या बाजूला पदवीपर्यंत उर्दूच. या दोन पद्धतींतून आलेल्या कुटुंबांत सोयरिकी होत आल्या आहेत. आजोबांच्या शिक्षणाची भाषा नातवाच्या शाळेच्या निवडीवर परिणाम करते काय, हे तपासण्यासाठी याहून चांगली जागा शोधूनही सापडणार नाही.

माध्यमाचा प्रश्न इथूनच सुरू होतो. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुसलमान सुमारे 1.30 कोटी आणि मातृभाषा उर्दू सांगणारे सुमारे 75 लाख. म्हणजे ‘मुसलमान म्हणजे उर्दू’ हे समीकरण राज्यातल्या फार मोठ्या संख्येला लागूच पडत नाही. जिथे लागू पडते, तिथेही घरात बोलली जाते ती दखनी वळणाची, वऱ्हाडी शब्दांनी भरलेली बोली. बालभारतीच्या उर्दू पुस्तकातली भाषा त्या मुलाला शिकूनच घ्यावी लागते. त्याच्या मराठीचे काय? बाजारातली मराठी त्याला अस्खलित येते, परीक्षेतली येतेच असे नाही. दहावीपर्यंत गणित आणि विज्ञान उर्दूतून शिकलेला विद्यार्थी अकरावीत गेला की ‘त्रिकोणमिती’ आणि तिचा इंग्रजी पर्याय हे दोन्ही शब्द त्याला नवे असतात. विज्ञान शाखेत वर्ग इंग्रजीतून, कला शाखेत मराठीतून. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत लिपी, परिभाषा आणि वाचनाची दिशाही बदलते. हा बदल किती मुलांना पेलत नाही आणि किती मुले तो टाळण्यासाठी आठवीतच मराठी शाळेत नाव घालतात, यांची गणती झाली पाहिजे.

मुलींच्या बाबतीत अंतर हा वेगळा घटक आहे. एस.टी.चा मोफत पास आणि मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस यांमुळे खेड्यातील मुली शाळेपर्यंत आल्या. महाविद्यालय मात्र अनेकदा दुसऱ्या गावात असते आणि वसतिगृह त्याहून लांब. पश्चिम उत्तर प्रदेशातील बिजनौर जिल्ह्यात पॅट्रिशिया जेफरी, रॉजर जेफरी आणि क्रेग जेफ्री यांनी दीर्घकाळ काम केले. तिथे काही मुस्लिम पालक मुलींना मदरशात घालतात, त्यामागे सुरक्षित, जवळची आणि लग्नाच्या बाजारात पत वाढवणारी शाळा हवी हा हिशेबही असतो, असे त्यांना दिसले. झोया हसन आणि रितू मेनन यांनीही भारतातील मुस्लिम स्त्रियांच्या पाहणीतून गरिबी आणि प्रदेश यांचा वाटा ठळकपणे मांडला. बिजनौरचे निष्कर्ष देऊळगाव राजाला जसेच्या तसे लावणे म्हणजे हंटर यांच्या बंगालच्या निरीक्षणांबाबत झाली तीच चूक पुन्हा करणे होय. प्रश्न मात्र तिथून घेता येतात.

जातीचा घटक बहुतेक पाहण्यांतून निसटतो. महाराष्ट्रात मोमीन, बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मन्यार, फकीर, छप्परबंद असे अनेक मुस्लिम गट मागास प्रवर्गांत मोडतात. हा मुद्दा राज्यात लावून धरणारी मुस्लिम ओबीसी चळवळ शेजारच्या जालन्यातील शब्बीर अन्सारी यांनी उभी केली. पण दाखला मिळवण्यासाठी पुरावा लागतो आणि इतर मागासवर्गासाठी तो 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीच्या वास्तव्याचा असावा लागतो. जुन्या नोंदींत जातीच्या रकान्यात अनेक ठिकाणी नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले असते. धंदा किंवा बिरादरी लिहिलेली नसेल, तर नातवाचा दाखला अडतो, आणि दाखला अडला की शुल्कसवलतही अडते. 2024 पासून राज्याने इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास व आर्थिक दुर्बल प्रवर्गांतील, 8 लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत संपूर्ण शुल्कमाफी दिली. ती मुलीपर्यंत पोहोचते की नाही, हे शेवटी तिच्या आजोबांच्या शाळेतल्या एका नोंदीवर ठरू शकते.

ती नोंद जिथे असते, ते पुस्तक म्हणजे दाखल-खारीज रजिस्टर. वऱ्हाडातील जुन्या शाळांत ही रजिस्टरे अनेक दशकांपूर्वीपासूनची आहेत. विद्यार्थ्याचे व वडिलांचे नाव, जात-धर्म, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, कोणत्या इयत्तेतून शाळा सोडली आणि शाळा सोडण्याचे कारण, असे त्यांत रकाने असतात. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित. ‘पालकांच्या विनंतीवरून’, ‘सतत गैरहजर’, ‘पुढील शिक्षणासाठी’ अशा ठरीव शब्दांनी तो भरला जातो. तरीही सोडण्याची तारीख आणि इयत्ता खरी असते. एका शाळेचे ‘खारीज’ दुसऱ्या शाळेच्या ‘दाखल’शी जुळवले की मूल कुठे गेले ते कळते. जुळणारी नोंद मिळाली नाही, तर ते गळाले की तालुक्याबाहेर गेले, हा पुढचा शोध. इथेही सीमा आड येते. देऊळगाव राजा अमरावती विभागीय मंडळात, जालना छत्रपती संभाजीनगरच्या. दहावीनंतर जालन्यात प्रवेश घेतलेला विद्यार्थी अमरावतीच्या हिशेबात गळालेला दिसू शकतो. म्हणून दोन्ही बाजूंची दप्तरे एकत्र पाहिल्याशिवाय गळतीचा कोणताही आकडा विश्वासार्ह ठरणार नाही.

असा अभ्यास करताना काही पथ्ये पाळावी लागतात. लहान गावात नाव गाळले तरी माणूस ओळखू येतो, म्हणून मोहल्ला आणि वर्ष एकत्र छापू नये. फक्त मुसलमान मुलांचाच माग काढला तर तुलना हरवते आणि संशयही वाढतो. त्याच शाळांतील मराठा, माळी, धनगर, बौद्ध मुलांच्या नोंदी त्याच पद्धतीने तपासाव्यात, म्हणजे कोणते अडथळे गरिबीचे, कोणते माध्यमाचे आणि कोणते धर्माशी निगडित, हे वेगळे करता येईल. रजिस्टरे बोलत नाहीत ते सांगण्यासाठी घरभेटी लागतील. शेतमजुरी, शेडनेटमधील बीजोत्पादनाचा हंगाम, गॅरेज, फळांची गाडी, शिलाई ही कामे कोणत्या वयात मुलाला ओढून घेतात, हे पालक आणि मुलेच सांगू शकतात. या भेटींसाठी उर्दू वाचता येणारे आणि वऱ्हाडी समजणारे संशोधक हवेत. घरातील स्त्रियांशी बोलण्यासाठी संशोधिका हव्यात.

या कामासाठी विद्यापीठाकडे नव्या इमारतीची मागणी नाही. शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि उर्दू या विषयांच्या संशोधकांनी मिळून देऊळगाव राजा व सिंदखेड राजा या दोन तालुक्यांतील 1960 पासूनची दाखल-खारीज रजिस्टरे छायांकित करून जतन करावीत. त्यांतून प्रत्येक दशकातील एका पटाचा दहावीनंतरचा प्रवास काढावा. जालन्याच्या बाजूच्या नोंदींसाठी छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाशी करार करावा. उर्दू माध्यमातून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी अकरावीच्या तोंडावर मराठी-इंग्रजी परिभाषेचा वर्ग निवडक महाविद्यालयांत चालवून पाहावा आणि त्याचा परिणाम मोजावा. निष्कर्ष मराठी आणि उर्दू, दोन्ही भाषांत छापून त्याच शाळांच्या मुख्याध्यापकांपुढे आणि पालकसभांपुढे वाचून दाखवावेत. प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधसंग्रहात जमा झाला म्हणजे संशोधन संपले, असे मानू नये.

जुनी रजिस्टरे वाळवीने आणि ओलीने दरवर्षी थोडी थोडी जात आहेत. हे काम पुढच्या शैक्षणिक वर्षाच्या आत सुरू व्हावे, ही विनंती.

देऊळगाव राजा, जि. बुलढाणा